भिंतीपलीकडचं बटन

दोन वर्षांपूर्वीच्या अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस, सकाळचे साडेनऊ. काम: आईच्या खोलीतल्या छताच्या दिव्याला भिंतीवर बटन बसवणे. मजुरी साडेनऊशे रुपये, सामान माझं. पैकी आठशे काम झाल्याबरोबर आणि दीडशे भिंतीची डागडुजी करून दिल्यावर. हजर: मी, माझी पत्नी सुनंदा, आई आणि कामरगावहून आणलेले शफी मिस्त्री. नानाकाका भिंतीच्या पलीकडे होते, म्हणून त्यांना हजर धरायचं की गैरहजर, हा प्रश्न तेव्हाही होता. पण शफी मिस्त्रीने पेटी उघडली तेव्हा ते खोकले, आणि मी मजुरीचा आकडा पुन्हा मोठ्याने वदवून घेतला तेव्हा जरा जास्तच खोकले.

एका बटनासाठी आसेगावहून थेट कामरगावला मिस्त्री शोधायला का जावं लागलं, हे सांगायचं तर आधी नानाकाका सांगावे लागतील.

ते माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वीज खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि लाइनमन म्हणूनच निवृत्त झाले. त्या काळात खात्यात कितीतरी साहेब आले आणि गेले, पण गावाच्या लेखी साहेब एकच होता, कारण फ्यूज उडाला की खांबावर चढणारा माणूस एकच होता. उंची बेताची, अंग काटक, काकू गेल्यापासून घरात एकटे, निवृत्तीनंतरही अंगात खाकी शर्ट. लोक जिथे पेन लावतात तिथे त्यांचा टेस्टर. लग्नाला, मयतीला, मतदानाला टेस्टर बरोबर. एकदा आमच्याकडे चहात साखर ढवळायला चमचा मिळाला नाही, तर त्यांनी तोच फिरवला आणि "सप्लाय बरा हाय" असं म्हणून चहा पिऊन टाकला.

कुठल्याही गोष्टीला पहिला हात लावायचा तो बोटांच्या उलट्या बाजूने, ही त्यांची खोड. दुधाचं पातेलं, नवी सायकल, पाहुण्याचं बाळ, वडिलांचं शेवटच्या आजारातलं तापलेलं कपाळ, सगळं आधी उलट्या हाताने. मी लहानपणी कारण विचारलं होतं. म्हणाले, "तळहात लावला अन् आतमधी करंट असला, तं मूठ आवळते. मंग सुटत नाही माणूस. उलटा हात झटक्यानं मांगं येते. ध्यानात ठेव बाळू, जे सोडता येते त्यालेच हात लावाव."

गावं त्यांना डीपीवरून, म्हणजे तिथल्या ट्रान्सफॉर्मरवरून, ओळखू यायची. कुणी आपल्या गावाचं नाव सांगितलं की हे विचारायचे, "शंभरचा हाय का त्रेसष्टचा?" आणि उत्तरावरून त्या माणसाला खुर्ची द्यायची की सतरंजी ते ठरवायचे. माणसांचेही त्यांनी दोनच प्रकार केले होते. थ्री फेज आणि सिंगल फेज. स्वतःच्या जावयाबद्दल त्यांचं मत असं: "पोरगा चांगला हाय, पण सिंगल फेज हाय. घरात उजेड पाडते, मोटर नाही चालत त्याच्यावर." जावयाच्या कानावर हे गेलं. तेव्हापासून तो जऊळक्याहून सासुरवाडीला आला की शेतातली मोटर चालू करूनच घरात येत असे.

त्यांच्या साऱ्या अभिमानाचं वाक्य एक होतं: "अख्खं आसेगाव माह्या एका हातावर लागे अन् विझे." हे खरं होतं. पण निवृत्त झाल्यावर गाव दुसऱ्याच्या हातावर लागायला आणि विझायला लागलं. नानाकाकांच्या ताब्यात एकच दिवा उरला, आणि तो आमच्या घरात होता.

हे कसं घडलं त्याचा दोष कुणा एकाला देता येत नाही. तो पाच पंचांनी मिळून केलेला आहे.

आमचं घर वडिलांनी आणि नानाकाकांनी मिळून बांधलेलं, सिमेंटच्या स्लॅबचं. मधोमध वीस फुटांची मोठी खोली. वडील गेल्यावर दोन वर्षांनी हिस्सेवाटणी झाली. पंच बसले, टेप लावली, खोलीच्या बरोबर दहाव्या फुटावर खडूची रेघ मारली आणि त्या रेघेवर विटांची भिंत चढली. लिंबाचं झाड, विहिरीवरचा पाळीचा वार, पितळी घंगाळ, कोळपणीचा मोडका डवरा, सगळ्याचा निकाल लागला. एका पंचाने तर चिमणीच्या घरट्यापर्यंत विचारलं. भिंत चढल्यावर त्या संध्याकाळी अंधार पडला तेव्हा कळलं, की दुधी काचेचा गोळा, म्हणजे छताचा दिवा, आमच्या दहा फुटांत आला आहे आणि त्याचं बटन नानाकाकांच्या दहा फुटांत. पंच तोवर जेवून गेले होते.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. नानाकाका अंगणात बाजेवर बसले होते.

"नाना, आमच्या दिव्याचं बटन तुमच्याकडे राह्यलं."

"माहीत हाय."

"मंग काय करायचं?"

"करायचं काय? दिवा तुमचा, कंट्रोल माहा. मीटर माह्यं हाय ना? मंग झालं."

त्यांच्या या करारीपणाचं मूळ बटनात नव्हतं. आई या घराण्यात लग्न होऊन आली तेव्हा नानाकाका दुसरीत होते आणि त्यांना आई नव्हती. आईच्या हातचं खाऊन, आईच्या हातचा मार खाऊन ते मोठे झाले. वाटणीच्या बैठकीत घंगाळावरून गाडी अडली, तेव्हा पंचांनी आईला विचारलं, "तुमचं काय म्हणणं हाय?" आई म्हणाली, "जे नियमात असन ते होऊ द्या." तिला भांडण नको होतं, एवढंच. पण नानाकाका ताडकन उठले. "वयनीनं माह्यासंगं नियम काढला," म्हणाले. "आता नियमच पाळू." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. घंगाळ आमच्याकडे आलं. त्यात कुणीही कधी पाणी तापवलं नाही.

तर नियम ठरला तो असा. आईने लाटण्याने भिंतीवर एकदा ठोकलं तर दिवा लावायचा, दोनदा ठोकलं तर विझवायचा. हाक मारलेली चालणार नाही. माझं किंवा सुनंदाचं ठोकणं ग्राह्य नाही. "अर्जदार एकच पाह्यजे," असं त्यांनी मला बजावलं होतं. दिवेलागणीला पलीकडे त्यांचा स्टूल सरकल्याचा आवाज यायचा, मग आईचं लाटणं, मग खट्. गोळा उजळला की आई हात जोडायची, आणि मला खात्री आहे, पलीकडेही तसंच होत असणार.

वाचणारा विचारील, दुसरा दिवा का नाही लावला? लावला होता. आमच्या मीटरवरून, आमच्या बटनाची, चांगली चार फुटी ट्यूब लावली होती. आई म्हणाली, ती डोळ्यांत खुपते. मग कमी उजेडाचा बल्ब आणला. तो म्हणे आजारी दिसतो. त्या खोलीत आईला त्या गोळ्याखेरीज उजेड पटला नाही. आणि विजेचं म्हणाल, तर तो दिवा नानाकाकांच्या मीटरवर जळतो हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी मंगरूळच्या डाळमिलमध्ये हिशेब लिहितो, फुकटचं युनिट माझ्या पचनी पडत नाही. दर दिवाळीला वर्षाचा वापर काढून तेवढे पैसे फराळाच्या ताटात ठेवून पाठवायचो. ताट रिकामं परत यायचं, पण पाकीट त्यात तसंच असायचं. वर निरोप: "बाळूले म्हनाव, वसुलीचा माणूस वायला असते. लाइनमन पैसे घेत नाही."

दिवाळीच्या आधी तो गोळा पुसायचा म्हणजे मोठं प्रकरण होतं. सुनंदा स्टुलावर चढणार हे त्यांना कुठून कळायचं कोण जाणे. लगेच अंगणातून आवाज यायचा.

"बाळू! परमिट घेतलं का?"

"नाना, गोळा पुसायचा हाय फक्त."

"फक्त म्हनूनच मेले लोक. मी बटन बंद केलं, फ्यूज काढला, खिशात ठेवला. आता कामाले लागा. काम झालं की मानूस खाली उतरला म्हनून सांगजा. त्याच्याशिवाय फ्यूज नाही लागणार."

एका वर्षी सुनंदा गोळा पुसून उतरली आणि करंज्यांच्या गडबडीत सांगायची राहिली. फ्यूज नानाकाकांच्या खिशात. त्यांचं सगळं घर अंधारात, आमचा गोळा अंधारात. रात्री आठपर्यंत ते अंधारात बसून राहिले, पण विचारायला आले नाहीत. शेवटी आई भिंतीकडे तोंड करून मला म्हणाली, "बाळू, तिकडे सांग, सून कवाचीच उतरली म्हनाव."

मी तोंड उघडायच्या आत पलीकडून उत्तर आलं, "बाळू, तिकडे सांग, मी ऐकलं नाही. कायद्यानं तू सांग."

मी सांगितलं. मग गोळा लागला.

गावातलं भारनियमन संपलं तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. नानाकाकांना काळजी वाटली. "सवय सुटली तं मानूस बिघडते," असं म्हणून त्यांनी आमच्या खोलीपुरतं ते चालू ठेवलं. रात्री नऊला दिवा बंद. आई त्या आधीच झोपायची, म्हणून कुणाचं काही अडत नव्हतं. पण एकदा सुनंदाचा भाऊ अकोल्याहून आला. त्याच्यासाठी रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती. रोडगे भाजायला वेळ लागला. पंगत त्या मोठ्या खोलीतच बसली. तुपाची वाटी त्याच्या हातात असताना नऊ वाजले आणि खट्.

अंधारातून पाहुणा म्हणाला, "भाऊजी, हे गावचं हाय का घरगुती?"

"घरगुती," मी म्हणालो.

"मंग तक्रार कुठं करायची?"

पलीकडून खणखणीत आवाज आला, "सकाळी दहा ते पाच!"

पाहुण्याने मोबाइलच्या उजेडात सगळं तूप भाजीत ओतून घेतलं आणि आजतागायत तो आमच्याकडे दुपारच्याच जेवणाला येतो.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण पुढे पुढे एक गोष्ट मला खटकायला लागली. आई लाटणं आपटायची आणि दिवा लागायचा नाही. मग ती पुन्हा ठोकायची. दुसऱ्यांदा ठोकलं म्हणजे बंद करा, असा नियम. म्हणजे ऐकू आलं असतं तरी घोळच. आई अंधारात बाजेवर बसून राहायची. ट्यूब लाव म्हटलं तर, "थांब, लावतीन तो." कधी पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. भिंतीचा पोपडा उडून आतली वीट दिसायला लागली होती.

मी नानाकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "लोड शेडिंग होतं."

"संध्याकाळी सात वाजता?"

"टाइम टेबल बदलते ना बाप्पा. वरून ऑर्डर येते."

मी मागे वळलो आणि दारातून मुद्दाम हळू आवाजात म्हणालो, "नाना, तुमचा टेस्टर खाली पडला." त्यांनी मान वर केली नाही. टेस्टर खिशातच होता, पण ज्या माणसाला तीन खांबांवरची ठिणगी ऐकू यायची, त्याला हे ऐकू आलं नव्हतं.

त्यांना ऐकू येत नाही हे ते कबूल करणार नव्हते, कारण ज्याला अर्ज ऐकू येत नाही त्याच्याकडून चार्ज काढून घेतात हे खात्यात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि आई अंधारात बसणं सोडणार नव्हती. तेव्हा बटन आपल्या भिंतीवर आणायचं, हे मी ठरवलं. आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुह्यं घर हाय. कर." एवढं म्हणून तिने तोंड भिंतीकडे केलं.

गावातले वायरमन एकेक करून विचारले. पहिला म्हणाला, "साहेबाच्या लाइनीवर मी हात नाही लावत." दुसरा म्हणाला, खांबावर चढायला त्यांनी शिकवलं, आता त्यांच्याच घरात तार कशी कापू? तिसऱ्याने कबूल केलं, आगाऊ पन्नास रुपये घेतले, नानाकाकांच्या अंगणापर्यंत गेला, त्यांच्या पाया पडला आणि पन्नास रुपये परत देऊन गेला. म्हणून मी शेजारच्या तालुक्यात जायचं ठरवलं. कामरगावच्या बस स्टँडजवळ शफी मिस्त्रीचं दुकान आहे. मी नाव-गाव काही न सांगता काम सांगितलं, भाव ठरवला आणि त्यांना अखजीच्या दुसऱ्या दिवशी बोलावलं.

काम अगदी सोपं होतं. दिव्याची जुनी तार तोडायची, आमच्या बोर्डवरून नवी आणायची, दाराजवळ बटन. मी सगळं शफी मिस्त्रीला नीट समजावून सांगितलं, दोनदा वदवून घेतलं आणि मिलमध्ये गेलो. संध्याकाळी आलो तर दाराजवळ पांढरंशुभ्र बटन. दाबलं, गोळा लागला. पुन्हा दाबलं, विझला. शफी मिस्त्रीला आठशे रुपये दिले. बटनाखाली भिंतीला आरपार एक भोक दिसत होतं, तार जाऊन वर अंगठा जाईल एवढं. "हे कशाला?" म्हटलं, तर ते म्हणाले, "तार को रास्ता लगता ना भाऊ. आता सिमेंट नाही जवळ. दोन दिवसांत येतो, बुजवून देतो." त्याचेच दीडशे राखले होते.

त्या रात्री साडेआठला आई आडवी झाली. मी बटन बंद केलं. गोळा विझला. मी दोन पावलं गेलो आणि गोळा लागला.

मी बटन पाहिलं. पुन्हा दाबलं. विझला. पुन्हा लागला.

सुनंदा दारात येऊन उभी राहिली. "तुमी काय करून राह्यले?"

"काहीच नाही. तो आपोआप लागते."

"आपोआप कसा लागन? अमावस्या तं नाही आज."

बाजेवर आई पांघरुणाखाली हसत होती. ती अशी हसलेली मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

बरोबर नऊला गोळा विझला. मी हात लावला नव्हता.

सकाळी नानाकाकांकडे गेलो. स्टूल त्यांच्या बोर्डाखालीच होता आणि ते त्यावर बसले होते. जुन्या काळ्या बटनाच्या जागी पांढरंशुभ्र बटन, आमच्यासारखंच.

"नाना, हे काय हाय?"

"काय काय हाय?"

"मी बंद केलेला दिवा लागते कसा?"

"दोन ठिकानाहून सप्लाय असला तं एकमेकाले इचारून काम कराव लागते. तू बिना परमिटचं बटन कायले दाबलं?"

शफी मिस्त्रीला फोन लावला. ते मोकळेपणाने म्हणाले, "भाऊ, तुमी नाव सांगतलंच नाही ना. साहेबांनी खिडकीतून आवाज दिला अन् मी वळखलं. कामरगावले दोन साल होते साहेब. मेरे को काम उन्होंनेच सिखाया. आता त्यांचं बटन कसं तोडू? जिन्याचं कनेक्शन करून देलं. खालून लावा, वरून बंद करा."

"अहो, पण इथे जिना कुठं हाय?"

"भिंत हाय ना," शफी मिस्त्री म्हणाले.

मला राग आला. सांगितलेलं काम एक आणि केलेलं भलतंच, याला हिशेबाच्या भाषेत जे म्हणतात ते मी त्यांना म्हणालो. जास्तीचं बटन आणि तार नानाकाकांनी आपल्या पेटीतून दिली होती, एवढंच माझं समाधान. तरीही उरलेले दीडशे भोक बुजवल्याशिवाय मिळणार नाहीत, असं मी त्यांना बजावलं.

शफी मिस्त्री सिमेंट घेऊन सांगितल्या दिवशी आले. भोकाजवळ बसले, थापी काढली, आणि पलीकडून आवाज आला. भोकातून आल्यामुळे तो आवाज जणू भिंतच काढत होती.

"थांब बे शफी! भोक बुजू नको. तपासनी बाकी हाय."

"कोणाची तपासणी, साहब?"

"कामाची. नवीन जोडनी हाय. चालू करून पाहाव लागते काही दिवस. व्होल्टेज पाहाव लागते." मग तोच आवाज, जरा हळू: "वयनी, व्होल्टेज कसं हाय तिकडे?"

खोलीत मी, सुनंदा आणि शफी मिस्त्री. तिघांनीही आईकडे पाहिलं. आई बाजेवरून उठली, भिंतीजवळ गेली, खाली वाकली.

"बरं हाय," ती म्हणाली. "गुडघा दुखते."

"तेल लावता का नाही?"

"लावतो. तू जेवला?"

"हो. भाकर केल्ती."

"भाजी?"

पलीकडे स्टूल करकरला. मग, "चटनी होती."

शफी मिस्त्रीने थापी पेटीत ठेवली आणि निघून गेले.

तपासणी दीड वर्ष चालली. मी अधूनमधून नानाकाकांना विचारायचो, झाली का? ते म्हणायचे, "पावसाळा पाहाव लागते. ओल धरते का ते." पावसाळा झाला. "हिवाळा पाहाव लागते. आकसते ती." यात अबोला मोडला असं दोघांपैकी कुणीही मानत नव्हतं. अंगणात समोरासमोर आले तर आई पदर सावरून आत वळायची आणि नानाकाका खांबाकडे पाहायचे. भोकातलं बोलणं कामाचं होतं, ते बोलण्यात धरायचं नव्हतं. लाटणं मात्र बंद झालं. दिवेलागणीला आई भोकाशी वाकायची, "लाव रे," म्हणायची आणि पलीकडे खट् व्हायचं. त्यांना ते नीट ऐकू यायचं. मी एकदा खिडकीतून पाहिलं. ते आधीपासूनच कान लावून बसलेले होते.

माझं बटन पांढरंशुभ्रच राहिलं. ते कुणी दाबत नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर नानाकाकांची मुलगी मंदा जऊळक्याहून जीप घेऊन आली. त्यांची साखर फार वाढली होती, पायाची जखम भरत नव्हती, एकटं ठेवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी वाद घातला नाही, हेच आम्हाला चमत्कारिक वाटलं. पिशवी भरली, खाकी शर्ट घातला, टेस्टर लावला आणि वाटणीनंतर पहिल्यांदा आमच्या दारातून आत आले.

चपला बाहेर काढल्या. खोलीभर नजर फिरवली. स्लॅबकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं, दाराजवळच्या बटनापाशी गेले. बोटांच्या उलट्या बाजूने ते चाचपलं. लावलं, बंद केलं, लावलं. भोकात टेस्टर घालून फिरवून पाहिला, याची गरज काय होती ते मला कळलं नाही.

"काम ओके हाय," म्हणाले. मग आईकडे वळले. समोरासमोर. "वयनी, चार्ज घ्या."

आई बाजेवर बसली होती. "कायचा?"

"एक नग दिवा. चालू स्थितीत. मेन चालू ठेवलं हाय. तिकडचं बटन सोडून देलं, आता इकडूनच लागन." मग माझ्याकडे न पाहता, "बिल बाळू भरन. त्याले हौस हाय."

"घेतला," आई म्हणाली.

मग ते वाकले. आईच्या पायांवर त्यांनी हात ठेवले, आणि मी पाहिलं, दोन्ही तळहात टेकवले होते.

आईने घंगाळाकडे बोट केलं. "ते घेऊन जा. जऊळक्याले थंडी असते."

"नियमानं तुमचं हाय."

"मुकाट्यानं घेऊन जा."

घंगाळ मांडीवर घेऊन ते जीपमध्ये पुढे बसले. जीप फाट्याकडे वळेपर्यंत मी रस्त्यावर उभा होतो. त्यांनी मागे पाहिलं नाही. खिडकीतून मान बाहेर काढून ते वर पाहत होते, खांबामागून खांब, जणू एकेकाची हजेरी घेत. पौषात ते जऊळक्यालाच वारले.

माघात मी शफी मिस्त्रीला फोन केला. आता तपासणी करणारं कुणी उरलं नव्हतं. भोक बुजवून टाकू आणि हिशेब मिटवू. ते सिमेंट घेऊन आले, भोकाजवळ बसले, थापी काढली. आई बाजेवरून म्हणाली, "राहू दे."

"मावशी, थंडी येते त्याच्यातून."

"येऊ दे."

शफी मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. दिवेलागणीची वेळ होती. आई उठली, भिंतीजवळ गेली, जरा थांबली, आणि मग दाराजवळचं बटन तिने बोटांच्या उलट्या बाजूने दाबलं. गोळा लागला.

काम अपुरं होतं. तरी उरलेले दीडशे रुपये शफी मिस्त्री, कामरगाव, यांना त्याच वेळी रोख दिले.